कागद नसलेल्या घोड्यांचे मालक संघटनेत कसे घ्यावेत: भीमथडीच्या पैदासकारांसाठी

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. ही नोंद जातीची आहे, घोड्याची नाही. तुमच्या दावणीच्या घोडीचं नाव, तिची आई, तिचा बाप कर्नालला कुणी लिहून ठेवलेला नाही. ते काम जातीच्या संघटनेचं आहे, आणि पहिली चूक तिथेच होते. संघटना स्थापन होते, तबेला असलेले पंधरा-वीस हौशी मालक एकत्र येतात, घटनेत एक कलम पडतं: 'नोंदणीकृत भीमथडी घोडा बाळगणारी व्यक्ती सभासद होऊ शकेल.' या एका ओळीनं ज्यांच्या जिवावर ही जात टिकली ते सगळे बाहेर राहतात. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या धनगर वाड्यांमध्ये (वाडा म्हणजे मेंढरांसह एकत्र फिरणारी कुटुंबं) बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या, तान्ही पोरं पाठीवर घेऊन दिवाळीनंतर घाट उतरणारी आणि पावसाआधी वर येणारी घोडी हीच भीमथडी. तिच्याकडे कागद नाही, कारण तो कुणी कधी दिलाच नाही.

हा न्यायाचा प्रश्न आहेच, पण आधी रक्ताचा आहे. समजा नोंदीत 4 नर आणि 60 माद्या आहेत. पैदाशीच्या दृष्टीनं कळपाचा आकार 64 नसतो. चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोन्हींची बेरीज, असं गणित करतात. उत्तर येतं 15. त्या हिशेबानं दर पिढीत जवळच्या रक्ताचं प्रमाण सुमारे 3.3 टक्क्यांनी वाढतं. त्याच 60 माद्यांना वाड्यांवरचे आणखी 16 नर मिळाले, तर आकडा 60 वर जातो आणि वाढ 0.8 टक्क्यावर येते. दर पिढीला 1 टक्क्याच्या आत राहावं, असं पैदासशास्त्र सांगतं. 2019 च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टं मिळून 3.4 लाख भरली. 2012 पेक्षा 45 टक्क्यांहून जास्त घट. इतकी ओहोटी लागलेली असताना दार अरुंद ठेवणं जातीला परवडणारं नाही.

सभासदत्व माणसाला, नोंद घोड्याला

या दोन गोष्टी घटनेतच वेगळ्या करा. मालकाला सभासद होण्यासाठी घोड्याची नोंद ही अट नको. कलम साधारण असं असावं: 'जी व्यक्ती किंवा कुटुंब किमान एक घोडा, घोडी, खच्ची घोडा किंवा शिंगरू सांभाळते आणि तो घोडा संघटनेच्या ओळख वहीत उतरवू देते, ती व्यक्ती पूर्ण हक्काची सभासद.' ओळख वही म्हणजे काय ते पुढे 'तीन वह्या'मध्ये येईल. 'सांभाळते' हा शब्द मुद्दाम आहे. वाड्यात घोडी सासऱ्याच्या नावावर, चालवते सून, आणि विकायचा निर्णय तिघे मिळून करतात, असं सर्रास असतं. वाटचालीत घोड्यांवर बिऱ्हाड लादण्याचं आणि ती हाकण्याचं काम बहुतेक बायकाच करतात. पुरुष मेंढरांमागे असतात. म्हणून अर्जावर दोन नावांची जागा ठेवा आणि दुसरं नाव बाईचं विचारून घ्या. कोणती घोडी कुणाला व्यायली, हे विचाराल तेव्हा उत्तर तिच्याकडूनच येईल.

'सहयोगी सभासद, मताधिकार नाही' असा वर्ग काढू नका. लोक एक वर्ष येतात, बिनमताचे बसतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. मत एका कुटुंबाला एक, घोड्यामागे नाही. घोड्यामागे मत दिलं की चाळीस घोड्यांचा तबेला एकेक घोडी असलेल्या चाळीस कुटुंबांच्या बरोबरीचा होतो. कार्यकारिणी 11 जणांची असेल तर किमान 4 जागा फिरत्या वाड्यांसाठी राखा आणि गणपूर्ती अशी ठेवा की त्यांच्यातला एकही हजर नसेल तर नोंद वहीचे नियम बदलता येऊ नयेत.

वर्गणी कुटुंबामागे घ्या. घोड्यामागे शुल्क लावलं की घोडी लपवल्या जातात. पाच असतील तर दोन दाखवल्या जातात आणि तुमची वही खोटी होते. वसुलीची वेळ आर्थिक वर्षाला बांधू नका. मेंढपाळाच्या हातात पैसा कोकरं विकल्यावर येतो, तेव्हा घ्या.

संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली करायची तर किमान 7 जण लागतात, आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. वाड्यांवरचे चार सदस्य निवडून आले आणि बदल अर्ज राहिला, तर कागदोपत्री जुनेच लोक कारभारी राहतात. निवडणुकीच्या दिवशीच सह्या, अंगठे, आधारच्या प्रती घेऊन टाका. महिनाभरानं ती माणसं कोकणात असतील.

मालकीचा पुरावा म्हणून पावतीवर अडू नका. बाजाराची पावती असेल तर उत्तम. नसेल तर त्याच वाड्याबाहेरच्या दोन सभासदांच्या साक्षीनं पंचनामा, मालक आणि घोडा एका चौकटीत दिसेल असा फोटो आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला एवढं पुरतं. साक्षीदार वाड्याबाहेरचे का? भाऊबंदकीत घोडीवरून वाद असेल तर तो तिथेच कळतो.

तीन वह्या

एकच वही ठेवली तर दोनच पर्याय उरतात: सगळ्यांना घ्या किंवा सगळ्यांना हाकला. तीन ठेवा.

ओळख वहीत सभासदाचा प्रत्येक घोडा उतरतो, पारख न करता. मारवाडीचा संकर असो, पाठीला जुना व्रण असो, खच्ची केलेला असो. खच्ची घोडे वगळण्याचा मोह होतो, पण रोजचं ओझं अनेकदा तेच वाहतात. त्यांचे भाऊबहीण पैदाशीत असतील तर त्यांच्या चालीची, खुरांची आणि स्वभावाची नोंद सोन्यासारखी आहे.

पाया वहीत आईबाप ठाऊक नसले तरी पारखीत उतरलेली जनावरं येतात. पूर्ण दात आल्यावरच, म्हणजे साधारण 5 वर्षांनी, पारख करा. मादीला एक पारख पुरे. नराला पारख, जनुक नमुना आणि पशुवैद्यकाची तपासणी तिन्ही हवं, कारण एक नर वर्षात वीस घोडींपर्यंत पोचतो. ही वही किमान 10 वर्षं नर आणि माद्या दोघांसाठी उघडी ठेवा. नंतर नरांसाठी बंद करायची की नाही ते वर सांगितलेलं गणित पुन्हा मांडून ठरवा. माद्यांसाठी बंद करण्याची घाई कधीच नको.

वंश वहीत दोन्ही आईबाप पाया किंवा वंश वहीत असलेलं शिंगरू येतं. म्हणजे बेकागदी घोडीच्या पोटचं पोर एका पिढीत वंश वहीत जातं.

अशी वाट नवी नाही. आयर्लंडच्या गॉलवे भागात 1923 साली कॉनेमारा तट्टांची संघटना निघाली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांच्या तट्टांना कसलाही कागद नव्हता. लोकांनी जागेवर जाऊन पारख केली आणि पहिली वही 1926 ला छापली. अमेरिकेच्या क्वार्टर हॉर्स संघटनेत थरोब्रेड संकराची शिंगरं आजही वेगळ्या पुरवणी वहीत घेतात आणि कामगिरी दाखवली की मुख्य वहीत जाण्याची वाट मिळते. युरोपीय संघाच्या 2016 च्या पैदास नियमांतही मुख्य विभागासोबत पुरवणी विभाग आहे.

नोंदणीचं शिबिर

वेळ आषाढ ते भाद्रपद. तेव्हा वाडे देशावर, गावाजवळ असतात. अश्विनात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला माणसं भेटतात, पण घोडे नसतात; तिथे नावं आणि फोन घ्या, शिबिर लावू नका. अकलूज, सारंगखेडा, नांदेडजवळचं माळेगाव इथल्या घोडेबाजारात जनावरं मिळतात, पण विकायला आलेल्या घोडीची आई कोण हे तिथे कुणी खरं सांगेलच असं नाही.

लोक घोडी घेऊन चार कोस चालत येणार, तर आधी काही द्या. धनुर्वाताची लस, जंताचं औषध आणि नालबंदाकडून खूर छाटणं, या तीन गोष्टी शिबिराच्या पहिल्या टेबलावर असाव्यात. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. पहिली लस, मग 4 ते 6 आठवड्यांनी दुसरी, पुढे दरवर्षी एक. म्हणून शिबिरं जोडीनं ठेवा, एकाच गावी 4 ते 6 आठवड्यांच्या अंतरानं. दुसऱ्या फेरीत पहिल्या वेळचं राहिलेलंही पुरं होतं. गाभण घोडीला कोणतं जंताचं औषध द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

सामान: चिप वाचायचं यंत्र, चिपा (घोड्याच्या मानेत बसवायच्या, ओळखीचा आकडा असलेल्या), पाणसळ लावलेली उंचीची काठी, कापडी टेप, कागदी पाकिटं, शिसपेन्सिली. पावसात शाईपेनाचं लिहिलेलं पसरतं, शिसपेन्सिलीचं टिकतं. फरशी किंवा घट्ट सपाट जमीन शोधा, शाळेचं पटांगण चालतं. उतारावर उभ्या घोड्याची उंची पाच-सात सेंटिमीटरनं सहज चुकते.

प्रत्येक जनावराला हा क्रम:

1. यंत्र मानेच्या दोन्ही बाजूंनी फिरवा. बाजारातून आलेल्या घोड्यात आधीची चिप असू शकते. एका मानेत दोन चिपा झाल्या की पुढची सगळी नोंद संशयाची.

2. मालकाला त्याच्या शब्दांत विचारा: 'मामा, रंग काय म्हणता हिचा?' कुमेत, मुश्की, अबलख, पंचकल्याणी, जे सांगतील ते आधी लिहा. मग तुमच्या यादीतला रंग शेजारी.

3. फोटो पाच: दोन्ही बाजू, समोरून, मागून, चेहरा. तीन मीटरवरून, कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीवर. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात.

4. आकृतीत टिळा, पायांची पांढरी, भोवरे उतरवा. भोवऱ्याची जागा जन्मभर बदलत नाही, ओळखीला याहून पक्की खूण डोळ्यांना मिळत नाही.

5. उंची खांद्याच्या उंचवट्यावर, पुढचे दोन्ही पाय सरळ रेषेत, डोकं नैसर्गिक उंचीवर. सेंटिमीटरमध्ये लिहा, कुणाला हात हवे असतील तर 10.16 नं भागा. छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880, म्हणजे अंदाजे वजन किलोत. जंताच्या औषधाची मात्रा यावरूनच ठरते, म्हणून मापं पहिल्या टेबलावर औषध देण्याआधी घ्या.

6. वय दातांवरून. पुढचे मधले पक्के दात अडीच वर्षांना, त्याशेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ खाच दिसू लागते, पंधराव्याला ती निम्म्यापर्यंत, विसाव्याला टोकापर्यंत. मालक सांगेल ते वयही लिहा.

7. केसांचा नमुना. इथे सगळ्यात जास्त नमुने वाया जातात, म्हणून सावकाश करा. आयाळीचे 20 ते 30 केस बोटाला गुंडाळून त्वचेलगत धरा आणि एका झटक्यात उपटा. कापायचे नाहीत, जनुक केसाच्या मुळाशी असतं. उजेडासमोर धरलं की मुळाशी बारीक पांढरट गाठ दिसते. ती दिसत नसेल तर पुन्हा घ्या. शिंगराचे केस शेपटीचे घ्या, त्यांच्या आयाळीची मुळं नाजूक असतात. कोरडे केस कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. दुसऱ्या जनावराला हात लावण्याआधी हात धुऊन पुसा.

8. चिप पशुवैद्यकाच्याच हातानं. डावी बाजू, टाळू आणि खांद्याच्या मधोमध, आयाळीखाली, मानेच्या जाड शिरेसारख्या बंधात. लगेच यंत्र फिरवा आणि 15 अंकी आकडा मोठ्यानं वाचा, दुसऱ्यानं लिहावा, तिसऱ्यानं परत वाचावा.

शिंगरू आईमागे असतानाच आई-पोराची पाकिटं एकत्र घ्या. वाड्यात दोन-तीन नर मोकळे असतात आणि बाप कोण हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. हरकत नाही: त्या सगळ्या नरांचे केस घेऊन ठेवा. जनुक तपासणीत पाहिल्या जाणाऱ्या प्रत्येक खुणेला पोराला एक भाग आईचा आणि एक बापाचा मिळतो. जो नर दोन किंवा जास्त खुणांवर जुळत नाही तो बाप नाही. तो नर विकायच्या आधी केस घेतलेले असले म्हणजे झालं.

पारख करताना

तीन माणसं ठेवा: प्रशिक्षित पारखी, पशुवैद्यक आणि वाड्यावरचा एक जुना जाणकार. तिघांनी गुण वेगवेगळ्या कागदावर द्यायचे, मग बोलायचं.

बाजाराची आवड उंच, ताठ मानेच्या मारवाडीकडे आहे, आणि ती नकळत पारख्याच्या डोळ्यात उतरते. कान आत वळून टोकं जुळणं ही मारवाडी आणि काठियावाडीची खूण आहे. भीमथडीत असे कान दिसले तर 'रुबाबदार' म्हणून गुण देऊ नका, रक्त कुठून आलं ते विचारा. दुसरं, अशुभ मानल्या जाणाऱ्या भोवऱ्यांबद्दल आणि रंगांबद्दल एकही गुण कापू नका. तो भोवरा ओळखीसाठी लिहा आणि पुढे चला. नाही तर चांगल्या रक्ताच्या घोडी केवळ केसांच्या वळणापायी बाद होतील.

घोडी नुसती उभी करून पारखू नका. तिच्यावर नेहमीचं बिऱ्हाड लादू द्या आणि दोनशे पावलं चढावर, दोनशे उतारावर चालवा. ओझं असताना पाय कुठे पडतो, पाठ खचते का, उतारावर ती थांबून जमीन बघते का, हे मोकळ्या चालीत कळत नाही. लादताना ती स्थिर उभी राहते का, हेही लिहा. बारा बिऱ्हाडं पहाटेच्या अंधारात हलतात तेव्हा याच गुणाला किंमत असते.

पारखीत न उतरलेल्या घोडीच्या मालकाला कारण तोंडी सांगा, त्याच दिवशी, त्याच्या माणसांसमोर नव्हे तर बाजूला घेऊन. त्याचं सभासदत्व आणि मत तसंच राहतं हेही सांगा. वर्षभरानं पुन्हा दाखवायची मुभा असावी.

रक्ततपासणीची भीती

मालक शिबिराला न येण्याचं एक कारण क्वचितच बोलून दाखवलं जातं: ग्लँडर्स. हा रोग माणसालाही होतो आणि 2009 च्या पशुरोग नियंत्रण कायद्याखाली तो कळवावाच लागतो. रक्ताची पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते आणि बाधित घोडा ठार करावा लागतो. त्याची भरपाई मिळते. ज्याचं सगळं बिऱ्हाड एका घोडीच्या पाठीवर आहे त्याला ही भीती वाटणारच.

म्हणून केस घेणं आणि रक्त घेणं एका दिवशी ठेवू नका. शिबिराची हाळी देतानाच स्पष्ट सांगा की त्या दिवशी रक्त काढणार नाही, आणि शब्द पाळा. तपासणी पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरांसोबत वेगळ्या दिवशी, आधी कायदा आणि भरपाई समजावून. पण रोगाबाबत ढिलाईही नको: नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी किंवा फुटलेले फोड असलेला घोडा वाटेतच वेगळा बांधा, डॉक्टरांना दाखवा, त्यांना पुढे कळवू द्या. शिबिरात पाण्याचा सामाईक हौद ठेवू नका. प्रत्येकानं आपली बादली आणायची.

कार्ड, विक्री, शिंगरू

नोंद झाल्यावर मालकाच्या हातात काही पडलं पाहिजे. फोटो, चिपचा आकडा, वहीचं नाव आणि लसीच्या तारखा असलेलं मराठी कार्ड, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं, कनवटीला मावेल एवढं. कार्डावर वहीचं नाव ठळक असावं. तबेलेवाल्या सभासदांची जी खरी चिंता असते, की सगळ्यांना कागद मिळाला तर आपल्या कागदाची किंमत उतरेल, तिचं उत्तर याच ओळीत आहे: ओळख वहीचं कार्ड वंश वहीचं काम करत नाही, आणि ते कुणाला तसं भासवताही येत नाही.

कार्डाला विक्रीची चिठ्ठी जोडलेली ठेवा. घोडी विकली की चिठ्ठी फाडून खरेदीदाराला द्यायची, त्यानं फोटो काढून पाठवायचा. ही चिठ्ठी नसेल तर दोन बाजारांत निम्म्या घोडींचा माग हरवतो. मालकांची यादी व्यापाऱ्यांना मात्र कधीही देऊ नका.

घोडी भरवल्याची आणि व्यायल्याची खबर लेखी अर्जानं मागू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला निरोप पुरतो: कोणती घोडी, कोणता नर, कोणत्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास. तुमच्याकडच्या माणसानं तिथी तारखेत बदलून वहीत घालायची आणि तिथून सुमारे 11 महिन्यांनी स्वतः फोन करायचा: 'आक्का, शिंगरू झालं का?' हो म्हणाल्या तर आईसोबतचा फोटो त्याच आठवड्यात मागून घ्या, आणि शेपटीचे केस उपटायला पुढच्या आषाढात पाकीट घेऊन जा.